एलईडी स्ट्रिप आणि ड्रायव्हरची जोडी जमवताना या चुका टाळा

मुंबईत पावसाळाभर ऊन दुर्मीळ, आणि समोर टॉवर उभा राहिला की उरलेले महिनेही खिडकी कोरडीच. भांडुपच्या आमच्या घरी तसंच झालं. तुळस लांबट, फिकट व्हायला लागली म्हणून मी तिच्यासाठी दिवा स्वतः बांधायला घेतला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीच्या चार कडक एलईडी पट्ट्या आणि २४ व्होल्टचा एसएमपीएस आणला, म्हणजे घरच्या विजेचं २४ व्होल्ट डीसी करून देणारा डबा. एलईडीला वीज पुरवणाऱ्या अशा डब्यालाच ड्रायव्हर म्हणतात. पट्टीचं व्होल्टेज "चोवीसच्या आसपास" असं कळलं होतं, वॅटचा हिशोब जमत होता, जोडून टाकलं. पहिल्या संध्याकाळी लख्ख उजेड पडला. तिसऱ्या आठवड्यात दोन पट्ट्यांवरचे ठिपके काळे पडले.

वॅट जुळले होते, जात जुळली नव्हती. रिळावर मिळणाऱ्या मऊ स्ट्रिपवर दर तीन-सहा एलईडींमागे एक रेझिस्टर असतो. तोच करंट आवरतो, म्हणून तिला १२ किंवा २४ व्होल्टचा स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर चालतो. माझ्या कडक पट्ट्यांवर रेझिस्टर नव्हताच. अशा पट्टीला स्थिर करंटचा ड्रायव्हर लागतो, ज्याच्यावर ७०० मिलिअँपिअर, २१०० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. तिला ७०० मिलिअँपिअरवर साडेबावीस व्होल्ट पुरत होते, आणि मी सरळ चोवीस दिले. एलईडीत व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट भसाभस वाढतो. वर ती तापली की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढते, आणखी तापते. म्हणून खरेदीच्या वेळी पट्टी उलटसुलट करून रेझिस्टर आहे का ते आधी बघा आणि डेटाशीट मागा. "आसपास" या उत्तरावर पैसे देऊ नका.

दुसरी चूक जोडणीची. सिरीजमध्ये, म्हणजे पट्ट्या एकामागे एक जोडल्या की, व्होल्टेजची बेरीज होते; पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येक पट्टी थेट ड्रायव्हरला जोडली की, करंटची वाटणी. माझ्या चार पट्ट्या सिरीजमध्ये लावल्या तर ९० व्होल्ट होतात. जिथे रोज झारीने पाणी घालायचं तिथे एवढं डीसी व्होल्टेज मला नको होतं. मग पॅरलल. पण पॅरललमध्ये एका पट्टीची वायर सुटली की तिचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर पडतो, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसतो. २८०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर घेतला असता तर प्रत्येकीला बरोबर ७०० मिळाले असते, पण एक सुटताच उरलेल्या तिघींना ९३३. म्हणून मी २१०० चा घेतला. आता प्रत्येकीला ५२५ मिळतात, आणि एक गेली तरी बाकीच्या ७०० वरच थांबतात. उजेड थोडा कमी, पण पट्ट्या थंड राहतात. माझ्या मते घरच्या दिव्याला हाच सौदा योग्य.

करंटइतकंच ड्रायव्हरवर लिहिलेल्या किमान-कमाल व्होल्टेजकडे बघा. १५ ते ३० व्होल्ट लिहिलं असेल तर तुमच्या जोडणीचं व्होल्टेज त्याच्या आतच हवं. बाहेर गेलं की दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही, आणि आपण उगाच ड्रायव्हर खराब ठरवतो. आणखी एक: पट्ट्या आधी जोडा, मग प्लग लावा. चालू ड्रायव्हरच्या मोकळ्या वायरींवर व्होल्टेज चढलेलं असतं, पट्टी टेकवताच ते तिच्यावर एकदम आदळतं.

मऊ रीळच वापरणार असाल, तर मीटरला १४.४ वॅटची, १२ व्होल्टची ५ मीटर स्ट्रिप ७२ वॅट खाते, म्हणजे ६ अँपिअर. ड्रायव्हर ९०-१०० वॅटचा घ्या, काठावरचा घेतला तर तो तापून बंद-चालू होत राहतो. लांबचं टोक मंद दिसलं तर दोन्ही टोकांना वीज द्या. झाडांसाठी मात्र मी ही स्ट्रिप सुचवत नाही: १२ पैकी सुमारे ३ व्होल्ट रेझिस्टर तापवण्यातच जातात. जांभळ्या रंगाचीही गरज नाही, चांगल्या पांढऱ्या उजेडावर तुळस, पुदिना, मेथी छान वाढतात.

बटण बंद करूनही दिवा मंद जळत राहिला, तर बहुतेक वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असतं किंवा बटणातच इंडिकेटर असतो. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जुन्या पॅनल लाइटचा ड्रायव्हर काढून लावणं सगळ्यात वाईट. त्यातले बरेचसे घरच्या २३० व्होल्टपासून वेगळे केलेले नसतात. पट्टीच्या तांब्याला ओला हात लागला तर शॉक बसू शकतो. आयसोलेटेड, म्हणजे असा वेगळा केलेला ड्रायव्हरच घ्या, अ‍ॅल्युमिनियमला अर्थिंग द्या, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. ड्रायव्हर कुंड्यांच्या वर टांगू नका, भिंतीवर बाजूला, हवा खेळेल असा बसवा. आपल्या खाऱ्या हवेत सोल्डरचे डाग हिरवे पडतात, त्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवा. मी दर पावसाळ्याआधी प्लग काढून चारही पट्ट्यांच्या वायरी हलकेच ओढून बघतो. गेल्या खेपेला एक हातात आली. त्या दिवसापर्यंत बाकीच्या तिघी ७०० वर शांतपणे जळत होत्या.