माळ्यावरचा ४८६ खाली काढलाय? आधी या चुका टाळा

४८६ म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी. असा जुना पीसी हाती लागला की हात शिवशिवतात, आणि पहिली चूक तिथेच होते: धूळही न झटकता थेट प्लग. पंचवीस-तीस वर्षं झोपलेल्याला उठल्या उठल्या कुणी पळायला लावतं का?

आधी कॅबिनेट उघडा. मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डच्या, कडेला निळ्या किंवा हिरव्या वेष्टणातली, पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी शोधा. तारीख, वेळ आणि सेटिंग्ज लक्षात ठेवणं एवढंच तिचं काम, पण म्हातारपणी ती गळते आणि शेजारचं तांबं खाऊन टाकते. भोवती हिरवट-पांढरा थर दिसला तर बॅटरी कापून काढा, कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. मी 'नंतर बघू' म्हणालो. नंतर बघितलं तर कीबोर्डच्या सॉकेटकडे जाणाऱ्या दोन रेषा जागेवरच नव्हत्या.

याहून महागात पडतात पॉवर सप्लायचे पी८ आणि पी९. हे दोन्ही प्लग शेजारीशेजारी बसतात, आणि अदलाबदल करून लावले तरी मुकाट्याने बसतात. दोघांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना खेटून हव्यात. चुकलात तर मदरबोर्डला हात जोडा.

फ्लॉपीचा दिवा चालू केल्यापासून विझतच नाही? ड्राइव्हला शिव्या देऊ नका, त्याची पट्टीसारखी चपटी रिबन केबल उलटी लागलीय. लाल कड एक नंबरच्या पिनकडे हवी. तोवर जपून ठेवलेली फ्लॉपी आत सरकवू नका. 'नॉन-सिस्टम डिस्क' असा संदेश आला, तर हार्ड डिस्क मेली म्हणून गळा काढण्याआधी ए ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी बाहेर काढा.

गेममधली गाडी डोळ्यांना दिसण्याआधीच भिंतीवर आदळते? टर्बो बंद करा. नाव टर्बो असलं, तरी त्या बटणाचा खरा उपयोग मशीनला हळू करण्यासाठीच होता!

मॉनिटर मात्र उघडूच नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूब हजारो व्होल्ट धरून ठेवू शकते.

आणि हो, बॅटरी गेली म्हणजे बायॉसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, हार्ड डिस्कही आठवत नाही. डिस्कची मांडणी सांगणारे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे त्याला पुन्हा द्यावे लागतात; ते बहुतेकदा डिस्कच्या लेबलवरच छापलेले असतात. झाकण लावण्याआधी ते कागदावर उतरवून घ्या. मी सगळे स्क्रू पिळून झाल्यावर पुन्हा उघडलं होतं. दोनदा.