सुट्टीत बुद्धिबळाची ओपनिंग कशी पक्की करावी

जळगाव-धुळ्याच्या स्पर्धांना अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहाद्याकडून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) व्हिडिओ बघून शिकलेली असते. पहिल्या आठ-दहा चाली धडाधड होतात. समोरच्याने सहावी चाल वेगळी केली की हात अडतो आणि घड्याळ पळत राहतं, कारण चाल पाठ असते पण ती का करायची हे माहीत नसतं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. तो वेळ या कामाला द्या.

आधी यादी आखूड करा. पांढऱ्याने एक ओपनिंग, काळ्याने ई४ ला (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) एक उत्तर आणि डी४ ला (वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) एक. पांढऱ्याने इटालियन, काळ्याने कारो-कान आणि क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड हा संच नवख्याला वर्षभर पुरतो. सिसिलियन नाजडॉर्फ (ई४ लाच काळ्याचं दुसरं उत्तर) आत्ता घेऊ नका. तिथे फाटे इतके आहेत की पाठांतरातच सुट्टी संपेल.

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर चाल लिहा आणि उजव्या पानावर त्या चालीचं कारण एका ओळीत. कारण लिहिता आलं नाही तर ती चाल अजून आलेली नाही असं समजा. कारो-कानचा हा फाटा पटावर मांडून बघा (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं; डी×ई४ म्हणजे डी रांगेतलं प्यादं ई४ वर मारतं):

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६

सहावी चाल एच६ का? पांढरा पुढे एच५ करून उंटावर येणार. एफ५ आणि ई४ ही दोन्ही घरं जी३ वरच्या घोड्याच्या माऱ्यात आहेत आणि एच७ वर आपलंच प्यादं बसलंय, म्हणजे उंटाला सुरक्षित घरच नाही. एच६ ने एच७ मोकळं होतं. एवढं कळलं की पुढचंही आपोआप कळतं: पांढऱ्याने सहाव्या चालीला एच४ न करता घोडा एफ३ ला काढला, तर एच६ ची घाई नको, आपला घोडा डी७ ला काढा. एच४ आलं की मग एच६. नुसतं पाठ करणारा इथेच चाल वाया घालवतो.

पहिल्यांदा आठ चालींपर्यंतच जा. कोणते फाटे लिहायचे हे लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठल्या चाली किती खेळल्या जातात ते तिथे दिसतं) आपल्या रेटिंगचा गट निवडून बघा. ग्रँडमास्टर काय खेळतात यापेक्षा आपल्यासमोर बसणारा काय खेळतो ते आधी लागतं. स्टॉकफिश (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) सगळ्यात शेवटी उघडा, आधी स्वतःचं उत्तर वहीत लिहून मगच.

सराव खऱ्या पटावर करा, कारण स्पर्धेत मोबाइलचा पडदा नसतो. मित्राला किंवा ताईला समोर बसवा आणि चौथ्या ते आठव्या चालीत कुठेही मुद्दाम वाट बदलायला सांगा. तिथून दहा मिनिटांचा डाव खेळा. वहीतल्या चाली दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी वही झाकून पटावर पुन्हा मांडायच्या. जिथे अडखळलात तिथे लाल पेनाने खूण करा.

सगळ्यात जास्त नुकसान घाईने खेळल्यामुळे होतं. कारो-कानमध्येच चौथ्या चालीला उंटाऐवजी घोडा डी७ हाही चांगला मार्ग आहे. पण पांढऱ्याने ५. वजीर ई२ केलं आणि काळ्याने सवयीने दुसरा घोडा एफ६ ला काढला, तर ६. घोडा डी६ मात! ई७ चं प्यादं वजिरामुळे बांधलेलं असतं, ते घोड्याला मारू शकत नाही. म्हणून तोंडपाठ चालीआधीसुद्धा समोरच्याचा शेवटचा मोहरा कुठून कुठे गेला ते बघा.

दुसरी चूक म्हणजे एक डाव हरला की ओपनिंगच बदलायची. बहुतेक वेळा हार विसाव्या चालीनंतरची असते आणि दोष ओपनिंगला लागतो. रॅपिडमध्ये (कमी वेळाच्या डावांत) चाली लिहिणं सक्तीचं नसतं, त्यामुळे डाव संपला की पुढची फेरी लागायच्या आत पहिल्या दहा चाली आठवून कागदावर उतरवा. वहीबाहेर कोण आधी गेलं, आपण की तो, एवढं पाहा आणि घरी आल्यावर त्या जागी एकच नवी ओळ वाढवा.