टाइल सुटते ती भिंतीमुळे : बाथरूमच्या कामात या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की मला ठरलेले फोन येतात. "भाऊ, बाथरूमच्या टाइल्स सुटून राह्यल्या, येऊन पाह्यता का?" मी गेलो की सुटलेली टाइल उचलतो आणि आधी तिची पाठ पाहतो. पाठीला प्लास्टरचा पापुद्रा चिकटून आला असेल तर प्लास्टर कच्चं होतं. मागे उघडी वीट दिसली तर प्लास्टरने विटेला धरलंच नव्हतं. पाठ कोरी निघाली तर मात्र टाइल लावणाऱ्याचं चुकलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक टाइल्सनी भिंतीकडेच बोट दाखवलं आहे. डिझाइन निवडायला लोक शहरात दोन-दोन चकरा मारतात, पण भिंतीला आठ दिवस द्यायला कुणी तयार नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाणी न मारता टाइल लावणे

सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीने झालेलं पाहिलं, आणि एकदा ती माझ्याच हातून झाली. पुसद तालुक्यातलं गाव, मे महिना, घरात मुलीचं लग्न. बाथरूमचं प्लास्टर सोमवारी संध्याकाळी संपलं. भिंत पश्चिमेची, दुपारभर ऊन खाणारी. मंगळवारी दोनदा पाणी मारलं. बुधवारी दिवसभर लाइन नव्हती, मोटर चालली नाही, ड्रममधलं पाणी मांडवाच्या कामाला गेलं. गुरुवारी सकाळी काकाजी म्हणाले, "मिस्त्री, भिताड तं खडखडीत वायलं, आता कायची वाट पाह्यता?" मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा गप्प बसलो आणि टाइल सुरू केली.

लग्न पार पडलं. श्रावणात नळामागच्या पाच टाइल्स एका फळीसारख्या खाली आल्या. प्लास्टरचा तुकडा बोटांत धरून चोळला तर रेती झरझर सुटली, जणू सिमेंट घातलंच नव्हतं. घातलं होतं, एकास चार, घमेली मीच मोजली होती. ती भिंत मी माझ्या मजुरीने पुन्हा केली, पण तेच डिझाइन दुकानात उरलं नव्हतं. आजही त्या घरी तीन भिंती निळ्या आहेत आणि एक पांढरी.

सिमेंट वाळून कडक होत नाही, पाणी पिऊन कडक होतं. आत ओल आहे तोवरच त्याची ताकद वाढते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. भिंत वाळलेली दिसते आणि आतून कच्ची राहते. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस पाणी हवं. पीपीसी या दुसऱ्या प्रकारच्या सिमेंटमध्ये राख असते, ते सावकाश ताकद धरतं, म्हणून त्याला मी १० दिवस देतो. दारा-खिडकीला ओलं तरट बांधतो आणि सकाळी सहा, अकरा, तीन आणि दिवस मावळताना असं चार वेळा पाणी मारतो. नंतर भिंत खिळ्याने खरवडून पाहतो. रेती सुटली तर टाइलचा खोका उघडायचा नाही. लग्न असो, तेरवी असो की वास्तुपूजन. पाहुण्यांना चार दिवस शेजारच्या घरी आंघोळ करता येते.

भिंतीचा बाक टाइलमागे लपवणे

चार इंची भिंतीची एकच बाजू सरळ येते, कारण विटा सगळ्या सारख्या नसतात. आपल्याकडे बाथरूम बहुतेक वेळा घर झाल्यावर मागे जोडलं जातं, चार इंची भिंतीतच, आणि गवंडी दोरी बाहेरून लावतो. मग आतली बाजू लाटांसारखी निघते. प्लास्टर करणारा म्हणतो, "टाइलवाला काढून घेईल." टाइलवाला खरंच काढून घेतो, निव्वळ सिमेंटचा दीड-दीड इंच गोळा टाइलच्या मधोमध थापून. इतकं जाड निव्वळ सिमेंट आकसतं आणि तडकतं. शिवाय टाइलचे चारही कोपरे मागून पोकळ राहतात. एक दिवस तिथे बादलीची कड लागते आणि कोपरा उडतो.

बाक प्लास्टरमध्येच काढायचा. छताजवळ खिळा ठोकून ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी टेपने अंतर मोजा. भिंतीच्या चारही कोपऱ्यांत टाइलच्या तुकड्यांचे ठिय्ये, म्हणजे जाडीच्या खुणा, बसवा, त्यांच्यावरून दोरी ताणा आणि त्या दोरीला प्लास्टर करा. जाडी २० मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर दोन थर द्या. पहिल्या थरावर करणीने रेघा ओढून तो रात्रभर सोडायचा. कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन पाहायची पट्टी, लावाच. मोठा गुण्या नसेल तर एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, तिरपं माप ५ फूट आलं की कोन बरोबर.

व्हिट्रिफाइड टाइल लावायची असेल तर हे आणखीच महत्त्वाचं. ती पाणी जवळपास पीतच नाही, ०.५ टक्क्याहूनही कमी, म्हणून साधं सिमेंट तिला धरत नाही, टाइल चिकटवायचं ॲडहेसिव्ह लागतं. ॲडहेसिव्हचा थर पातळ असतो, त्याने बाक झाकला जात नाही. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्याच महिन्यात कटर मागतात. मी सहा महिने ओळंबा धरायला लावतो. काही सोडून जातात, जाऊ देतो. जे टिकले त्यांच्या भिंतीकडे मला पुन्हा बघावं लागत नाही.

खारं पाणी वापरणे

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूरकडचा भाग, इथल्या लोकांनी हे नीट वाचावं. घरच्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते मालातही नको आणि भिंतीवर मारायलाही नको. क्षार प्लास्टरमध्ये बसतात आणि भिंत वाळताना पांढऱ्या कापसासारखे बाहेर फुलतात. त्यावर टाइल लावली की हा लोणा टाइलच्या मागे जमून पकड सोडवतो. आधीच दिसला तर पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि आठवडाभर थांबा. पुन्हा फुलला तर प्लास्टर पाडा. गोड पाण्याचं एक टँकर बाथरूम दुसऱ्यांदा करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

भेगेवर टाइल लावणे

काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यासोबत पायाही हलतो. भिंतीत तिरपी भेग असेल तर तिच्यावर अंगठाभर सिमेंट आडवं लावा आणि तारीख लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत ते तडकलं तर भिंत अजून चालते आहे. आधी पाया बघा. टाइल भेग थांबवत नाही, भेगेसोबत फाटते.

पाइप न तपासता झिरी बुजवणे

झिरी म्हणजे पाइपसाठी भिंतीत खोदलेली खाच. तिच्यात पाइप बसवल्यावर टेस्ट पंप लावून दाब रात्रभर धरून ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर गळती आहे, आणि ती शोधायला हीच वेळ आहे. झिरी बुजवण्याआधी भिंतीवर टेप धरून मोबाइलमध्ये फोटो काढा. पुढे टॉवेलची दांडी लावायला ड्रिल मारताना तो फोटो उपयोगी पडतो. प्लंबर "आपलं काम आहे, गळत नाही" म्हणाला तरी पंप लावाच.

बाकीच्या चुका थोडक्यात. टाइलखालच्या प्लास्टरवर नीरू (चुन्याचा गुळगुळीत हात) किंवा गुरमाळ्याची (लोखंडी थापीची) घोटाई नको, रंध्याची (लाकडी थापीची) खरखर राहू द्या. ओल्या प्लास्टरवर कोरडं सिमेंट मारून ते आवळू नका, वरची साल वेगळी होते. ऑइल पेंट, चुना, पुट्टी पूर्ण खरवडा. नुसते टाचे (छिन्नीचे खड्डे) मारून भागत नाही. बीम आणि विटांच्या सांध्यावर, तसंच झिरीवर, कोंबडजाळी ठोका. घट्ट होऊ लागलेला माल पाणी घालून पुन्हा कालवायचा नाही, फेकायचा. वीट प्लास्टरआधी भिजवा, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते. वॉटरप्रूफिंग जमिनीवर आणि भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर. पहिला हात आडवा, दुसरा उभा. जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा आधी मालाने गोल करून घ्या. मग दाराशी बांध घालून २४ तास पाणी साठवा आणि बाहेरच्या भिंतीला हात लावून ओल बघा.

पहिली टाइल लावण्याआधी मी पूर्ण भिंत एका नाण्याने वाजवतो, खालून वर, वीतभर अंतराने. खणखणीत वाजलं तर पुढे सरकतो. बद्द वाजलं तिथे खडूने गोल काढतो, तेवढा भाग छिन्नीने पाडतो, वीट भिजवून पुन्हा माल भरतो आणि त्या गोलासाठी पुन्हा पाण्याचे दिवस मोजतो.