दाढीला कलप लावण्याआधीचे दोन दिवस

दाढी रंगवायला दहा मिनिटं पुरतात, तयारीला मात्र दोन दिवस लागतात. "संध्याकाळी कार्यक्रम आहे, आत्ताच काळी करून द्या" असं खुर्चीत बसल्या बसल्या कुणी म्हणालं, की मी कातर चालवतो, वस्तरा चालवतो, पण कलपाची वाटी काढत नाही. आधी चाचणी, मग रंग. गिऱ्हाईक नाराज होतं, कधी उठून जातं. जाऊ दे. कलपाने सुजलेले चेहरे मी पाहिलेत, डोळे मिटलेल्या पापण्या पाहिल्यात. घरी आरशासमोर स्वतःच्या हाताने कलप लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कलपात काय असतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. पक्क्या कलपात बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी असतं, नाहीतर त्याचाच भाऊबंद टोल्युइन डायअमीन. पीपीडीचे रेणू इतके बारीक असतात की ते केसाच्या आत शिरतात. आत हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते एकमेकांना जोडले जातात, मोठे आणि गडद होतात, आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. अमोनियाचं काम वेगळं: तो केसाचं वरचं आवरण फुलवतो आणि वाट मोकळी करतो. त्यामुळे खोक्यावर 'अमोनियाविरहित' असं मोठ्या अक्षरांत छापलं असलं, तरी आत पीपीडी असू शकतं. अमोनियाने डोळे चुरचुरतात, नाक झोंबतं. पण चेहरा सुजवणारी ॲलर्जी बहुतेक पीपीडीचीच असते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या 'अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी'ने २००६ साली वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून पीपीडीचीच निवड केली होती.

या ॲलर्जीची खोड अशी की ती लगेच दिसत नाही. लावल्या लावल्या काही होत नाही, माणूस खूश होऊन झोपतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटते, पुरळ उठतं, पाणी सुटतं. शरीराला ही प्रतिक्रिया उभी करायला एक ते तीन दिवस लागतात. आणखी एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: वर्षानुवर्षं तोच कलप सुखाने लावणाऱ्यालाही एक दिवस ॲलर्जी होऊ शकते. आणि एकदा झाली की ती साधारणपणे जन्मभर राहते. पुढच्या वेळी आणखी लवकर आणि जोरात उठते. "मी तर कायम हाच लावतो" हे वाक्य म्हणून मी चाचणीऐवजी चालवून घेत नाही.

चाचणी अशी करा. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे छोट्या नाण्याएवढी जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. तिथे कलपाचा पातळ थर लावा. नुसती रंगाची ट्यूब लावायची की तिच्यात पेरॉक्साइडची ट्यूब मिसळून, हे खोक्यातल्या पत्रकात दिलेलं असतं. पत्रक सांगेल तसंच करा. वाळू द्या, वर पट्टी बांधू नका, आणि ४८ तास ती जागा धुऊ नका, चोळू नका. या काळात खाज, लाली, फोड, जळजळ यांतलं काहीही जाणवलं तर जागा लगेच धुवा. तो कलप तुमच्यासाठी नाही. थोडीशी लाली म्हणजेही नाहीच, तिथे घासाघीस करू नका. चाचणी स्वच्छ आली तरी शंभर टक्के हमी मिळत नाही, पण मोठा धोका बराच टळतो. आणि ती दर वेळी करायची. तीच कंपनी, तीच छटा असली तरीही.

काही जणांनी तर चाचणीही घरी करू नये, थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. पूर्वी कधी कलपाने खाज सुटली असेल, किंवा अंगावर काळी मेंदी काढल्यावर फोड आले असतील, तर तुम्ही या यादीत आहात. ही 'काळी मेंदी' नीट समजून घ्या. मेंदीच्या पानाचा रंग काळा नसतोच. त्यातल्या लॉसोन नावाच्या द्रव्याने नारिंगी-तांबूस रंग चढतो. तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी म्हणजे बहुतेक वेळा तिच्यात पीपीडी घातलेलं असतं, तेही किती ते कुणी सांगत नाही. लहानपणी हातावर काढलेल्या अशा नक्षीने शरीर पीपीडीला बिथरतं आणि खरा त्रास पुढे कलप लावल्यावर होतो. युरोपात कलपाच्या खोक्यावर याचा इशारा छापावाच लागतो. पीपीडीला बिथरलेल्यांना काही भूल देणारी मलमं, विशेषतः बेन्झोकेन असलेली, आणि कपड्यांचे काही गडद रंगसुद्धा बाधू शकतात. डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

मग 'हर्बल' घ्यावं का? घ्या, पण खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचून. पुढच्या बाजूला पानाफुलांचं चित्र आणि मागे घटकांत पीपीडी, असं मी पुष्कळदा पाहिलंय. पाण्यात कालवून लावायच्या काळ्या भुकट्यांत तर ते हमखास तपासा. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसांवर तांबूस दिसते. तिच्यावर दुसऱ्या टप्प्यात नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड लावली की तपकिरी ते काळपट रंग येतो. वेळ जास्त जातो, पण पीपीडी टाळायचं असेल तर हा खरा पर्याय आहे. एक अपवाद: जी-सिक्स-पीडी या विकराची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असणाऱ्यांनी मेंदीही डॉक्टरांना विचारूनच लावावी, कारण लॉसोनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

रोज थोडं थोडं लावून हळूहळू काळे होणारे जुन्या पद्धतीचे कलपही असतात. त्यांत पूर्वी शिशाचा क्षार, लेड ॲसिटेट, वापरत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याची परवानगी मागे घेण्याचा निर्णय घेतला. घटकांत शिसं दिसलं तर ती बाटली ठेवू नका. धातूचे क्षार असलेला कोणताही कलप दाढीत असताना त्यावर पेरॉक्साइडचा कलप लावू नका. केस तापतात, तुटतात, रंगही भलताच येतो.

आता प्रत्यक्ष रंगवणं. वस्तरा फिरवलेल्या दिवशी कलप नाही. कडा आखायच्या असतील तर एक-दोन दिवस आधी आखून घ्या, कारण वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. मुरूम, खरचटलेलं, दाढीतली बुरशी, उन्हाने भाजलेली कातडी असेल तर थांबा. रेटिनॉइडची मलमं (मुरमांवर, सुरकुत्यांवर देतात ती) लावत असाल तर कातडी हळवी झालेली असते, ती कधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारा. आदल्या दिवशी साध्या शाम्पूने दाढी धुवा. लावायच्या आधी खसाखसा घासू नका. अंगचं थोडं तेल राहिलं तर कातडीचं रक्षण होतं.

छटेच्या बाबतीत मी हट्टी आहे. काळा घेऊ नका. डोक्यावरच्या केसांपेक्षा दाढी बऱ्याचदा निसर्गतःच थोडी फिकी असते, आणि पक्का काळा रंग दाढीवर शाई सांडल्यासारखा दिसतो. गडद तपकिरी किंवा त्याहून एक पायरी फिकी छटा घ्या. फिका वाटला तर पुढच्या खेपेला गडद करता येतो. गडद झालेला फिका करायला मात्र पुन्हा रसायनं लागतात आणि ती चेहऱ्यावर नकोत. हनुवटीवरचे थोडे पांढरे केस तसेच राहिले तर चेहरा जास्त खरा दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

वाटी प्लास्टिकची किंवा चिनी मातीची घ्या, धातूची नको. हातमोजे घाला. खोली मोकळी, खिडकी उघडी. ओठांना, कानांच्या पाळ्यांना, गालावरच्या आणि गळ्यावरच्या कडांना व्हॅसलीनचा हात फिरवा. केसांना ते लागू देऊ नका, नाहीतर तिथे रंग धरणार नाही. मग छोट्या ब्रशने केसांवर लावा, कातडीत चोळू नका. सुरुवात हनुवटीपासून करा, कारण तिथले पांढरे केस राठ असतात आणि रंग उशिरा पितात. मग मिशी, नाकपुड्यांपासून जरा अंतर सोडून. कल्ले आणि गालावरचे मऊ केस सगळ्यात शेवटी, ते चटकन गडद होतात. भुवया आणि पापण्या याच कलपाने रंगवायच्या नाहीत, अजिबात नाहीत; डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. डोळ्यात थेंब गेलाच तर वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

वेळ खोक्यावरची पाळा. दाढीसाठीच्या कलपाला बहुधा पाच-दहा मिनिटं असतात, डोक्याच्या कलपाला अर्धा तास. म्हणून डोक्याचा कलप दाढीला अंदाजाने लावू नका. अधूनमधून थोडे केस ओल्या कापसाने पुसून रंग बघा. चुरचुरणं वाढलं तर घड्याळ बघत बसू नका, धुवा. कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत. कातडीवरचा डाग ओला असतानाच पुसा. राहिलाच तर थोडं तेल लावून हलक्या हाताने काढा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चेहऱ्याला लावू नका.

नंतरच्या दिवसांत दाढी सुजली, फोड आले, पाणी सुटलं तर पुन्हा एकदा भरपूर पाण्याने धुवा, दुसरं काही लावू नका आणि खोकं घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. घटकांची यादी बघून त्यांचं काम सोपं होतं. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

दाढी महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढते, त्यामुळे आठवड्याभरातच मुळाशी पांढरं दिसायला लागतं. दर वेळी सगळी दाढी रंगवू नका. फक्त मुळं, तीही तीन-चार आठवड्यांनी. मधल्या दिवसांत धुऊन जाणारी रंगाची कांडी किंवा ब्रश वापरा.

कालवलेलं उरलं तर बाटलीत भरून झाकण लावू नका. आत वायू साठून बाटली फुटू शकते. उरलेलं टाकून द्या. न वापरलेली पाकिटं मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा. पीपीडी पोटात गेलं तर घसा सुजून श्वास अडतो, मूत्रपिंडं निकामी होतात. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. माणसाला आणि पाकिटाला घेऊन तडक रुग्णालयात जा.