घरातल्या वयस्कर माणसाला कॅन्सर असेल तर रोज काय बघायचं, काय विचारायचं

सत्तरीच्या पुढच्या माणसाला कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न हाच येतो, या वयात ट्रीटमेंट झेपेल का. नुसत्या वयाच्या आकड्यावरून हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. कोणी पंच्याहत्तरीत रोज तीन किलोमीटर चालून येतं आणि कोणाला साठीतच जिना चढताना मधे दोनदा बसावं लागतं. डॉक्टरांना सरळ विचारा, जेरिअ‍ॅट्रिक असेसमेंट, म्हणजे वयस्कर माणसाची सगळ्या बाजूंनी तपासणी, करता येईल का. त्यात चालणं, पडणं, स्मरणशक्ती, वजन, मूड, बाकीचे आजार, घरी बघायला कोण आहे, सगळं बघतात आणि त्यावरून केमो किती जोराची द्यायची हे ठरवायला मदत होते. ६५ च्या पुढच्यांना केमो द्यायची असेल तर हे करावं असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय, पण बऱ्याचदा आपण विचारल्याशिवाय विषयच निघत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही माणसं सांगत नाहीत. "काही नाही, बरं आहे" एवढंच, आणि डॉक्टरांसमोर तर ताठ बसून अजूनच बरं असतं. आमचे अण्णा आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट घालणारे, तिसऱ्या केमोनंतर एकदम टीशर्ट घालायला लागले, आम्हाला वाटलं आरामात बरं वाटत असेल. मग एक दिवस पाहुणे येणार म्हणून शर्ट घालायला घेतला आणि मी दारातून बघतेय तर एकाच बटणाशी झटापट चाललीये, बोटं बटणावर आहेत पण बटण हाताला लागतच नाहीये. केमोच्या काही औषधांनी हातापायाच्या नसांवर परिणाम होतो, बोटं बधिर होतात, आणि हे महिनाभर चाललं होतं! डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस कमी केला. वेळेवर कळलं तर बदल करता येतो, उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

तेव्हापासून मी "कसं वाटतंय" विचारणं बंद केलं. बटण लागलं का, चप्पल पायातून निसटते का, रात्री किती वेळा उठलात, ताटातलं किती उरलं, असं विचारा, म्हणजे खरं उत्तर येतं. आणि एक वही करा. तारीख, ताप, किती खाल्लं, शौचाला झालं का, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आठवड्यातून एकदा वजन, बस. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात त्यात ही वही पुढे केली की काम होतं. जाताना त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन न विसरता न्या, निम्म्या वेळा त्यांना ऐकूच आलेलं नसतं आणि ते मान हलवत असतात.

पाय बधिर असतील तर पडायची भीती फार. सुटी पायपुसणी उचला, रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा, कमोडजवळ धरायला दांडा लावून घ्या. पडलं की हाड मोडतं आणि ट्रीटमेंटपण थांबते.

तापाच्या बाबतीत अजिबात चालढकल नको. केमो चालू असताना ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका, आणि न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका कारण ताप दबून जातो. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांत इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा जास्त लक्ष. वयस्कर माणसाला इन्फेक्शन असूनही कधीकधी ताप चढतच नाही, नुसतं मलूल पडतात किंवा अचानक असंबद्ध बोलायला लागतात. काल नीट होते आणि आज असं झालं तर "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

औषधांची एक पिशवी करा, बीपी, शुगर, झोपेची गोळी, कोणी सांगितलेला काढा, सगळं त्यात टाका आणि कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ओता. काय बंद करायचं ते त्यांना ठरवू दे. केमोची गोळी असेल तर कुटायची नाही, अर्धी करायची नाही, आणि तुम्ही देत असाल तर ग्लोव्ह्ज घालून. केमोनंतर साधारण ४८ तास उलटीचे किंवा लघवीचे कपडेपण ग्लोव्ह्ज घालूनच उचला, फ्लश झाकण लावून करा.

तोंड आलं असेल तर मऊ ब्रश, तिखट-गरम बंद, आणि तीनदा भरपूर वाढण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं. खा खा म्हणून मागे लागू नका, त्याने ते अजून तोंड फिरवतात.

दुखण्यासाठी मॉर्फिन दिलं तर घरचे घाबरतात, सवय लागेल म्हणतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतलं तर दुखणं सोसत बसायची गरज नाही, फक्त बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पहिल्याच दिवसापासून त्यावरचं औषध लिहून मागा. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करण्यासाठीची देखभाल, हा शब्द ऐकूनपण लोक हादरतात, पण ती ट्रीटमेंटबरोबर सुरुवातीपासून घेता येते, सगळं संपलं असा अर्थ नाही हो त्याचा.

आणि निदान त्यांच्यापासून लपवू नका, त्यांना बहुतेक आधीच कळलेलं असतं आणि मग ते एकटेच घाबरत बसतात. शांतपणे विचारा की तुम्हाला कशासाठी ट्रीटमेंट घ्यायचीये आणि काय अजिबात नकोय. अण्णा म्हणाले होते, "मला माझ्या पायाने फाटकापर्यंत जाता आलं पाहिजे." ते जे म्हणतील ते वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि डॉक्टर पुढचं औषध बदलायचं म्हणतील तेव्हा आधी ते पान वाचून दाखवा.