ऑरोराचा बॅकअप नव्या क्लस्टरवर रिस्टोर करताय? मग हे आधी बघा

ऑरोरा म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरची डेटाबेस सेवा. तिचा बॅकअप चालू क्लस्टरवर (डेटा आणि तो चालवणारे सर्व्हर यांचा संच) रिस्टोर होतच नाही, दरवेळी नवीन क्लस्टरच उभा राहतो, हे एकदा डोक्यात फिट करा. सगळ्यात जास्त गोंधळ कमांड लाइनवर होतो, कारण तिथून रिस्टोर मारला की नुसता क्लस्टर बनतो, स्टेटस मस्त 'अव्हेलेबल' दिसतं पण कनेक्ट करायला जावं तर आत इन्स्टन्सच (डेटाबेस चालवणारा सर्व्हर) नाही, तो वेगळी कमांड देऊन आपणच बनवायचा. शेवटची कर्जत लोकल गाठायच्या घाईत हे हमखास राहतं बघा. सिक्युरिटी ग्रुप (कोणाला कनेक्ट होऊ द्यायचं ते नियम) आणि पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसची सेटिंग्ज) पण स्वतः सांगा, नाहीतर डिफॉल्ट लागतात आणि ॲप बाहेरच लटकतं.

एंडपॉइंट, म्हणजे ॲप ज्या पत्त्यावर कनेक्ट होतं तो, नवा मिळतो. मला विचाराल तर दहा ठिकाणी कॉन्फिग बदलत बसण्यापेक्षा जुन्या क्लस्टरचं नाव बदला आणि तेच जुनं नाव नव्याला द्या, इन्स्टन्सच्या नावाने कनेक्ट करत असाल तर त्यांचंही तसंच.

एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनचा स्नॅपशॉट (बॅकअपची प्रत) सिंगापूर रीजनला हवा असेल तर आधी तिकडे कॉपी करा, एन्क्रिप्टेड असेल तर एन्क्रिप्शनची किल्ली (key) तिकडचीच लागेल. आणि जुना क्लस्टर लगेच उडवू नका हो, डेटा नीट तपासून झाला की फायनल स्नॅपशॉट घेऊन मगच.