मुलांची खडूचित्र स्पर्धा : या चुका टाळा

बालदिन किंवा प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने सोसायटीच्या आवारात आणि शाळेच्या मैदानावर जमिनीवर खडूने चित्रे काढण्याच्या स्पर्धा भरतात. निकालानंतर त्यांत जे वाद होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ चौकोन आखले जातात तेव्हाच रुजलेले असते. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर रेष तुटते, गुळगुळीत कोटा फरशीवर खडू घसरतो, तर डांबरावर पांढरा आणि पिवळा उठून दिसत असले तरी निळा आणि जांभळा बुडून जातात. एकाच गटातील काही मुलांना सिमेंटचा कोबा आणि काहींना पेव्हर ब्लॉक मिळाले, तर स्पर्धा तिथेच असमान होते. म्हणून एका वयोगटाला एकाच प्रकारची जमीन द्यावी आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. आदल्या संध्याकाळी आवार धुऊन काढण्याचा उत्साहही आवरावा, कारण थंडीच्या दिवसांत सकाळपर्यंत ओल टिकते, त्यात दवाची भर पडते आणि ओलसर जमिनीवर खडूचा चिखल होतो. झाडून घेणे पुरेसे आहे.

दुसरी चूक खडूच्या निवडीत होते. फळ्यासाठीचे धूळरहित खडू कठीण असतात आणि खरबरीत जमिनीवर फिका रंग सोडतात. तिथे जिप्समचे जाड, मऊ रंगीत खडू अधिक उपयोगी पडतात. चार फूट बाय चार फुटांचा चौकोन भरताना मुले टोकानेच रंगवत बसतात आणि अर्ध्या वेळात खडू संपवतात. खडूचा तुकडा आडवा धरून फिरवला, तर मोठा भाग लवकर भरतो. काही पालक खडू साखरेच्या पाण्यात भिजवून देतात. त्याने रंग कमी पुसला जातो हे खरे, पण मैदानावर मुंग्याही हजर होतात.

चित्र काढताना मूल चौकोनात शिरते आणि स्वतःच्याच गुडघ्यांनी रंग पुसते. वरच्या कडेपासून सुरुवात करून मागे सरकत यावे, बसायला गोणपाट घ्यावे, फिके रंग आधी आणि काळ्या बाह्यरेषा शेवटी द्याव्यात. जमलेली भुकटी फुंकू नये, कारण ती शेजारच्या चित्रावर आणि डोळ्यांत जाते. मोबाइलवरील बारीक तपशिलांचे चित्र उतरवण्याच्या नादात पार्श्वभूमी कोरी राहते, त्यापेक्षा दोन-तीन मोठे आकार ठसठशीत रंगवणे केव्हाही चांगले.

परीक्षणातील सर्वांत महाग पडणारी चूक मात्र गुणांच्या बेरजेत दडलेली असते. तीन परीक्षकांपैकी दोघे सर्वांनाच दहापैकी सहा ते आठ गुण देत असतील आणि तिसरा दोन ते नऊ, तर निकाल जवळजवळ त्या तिसऱ्याच्या मतानेच लागतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी दोन-तीन चित्रे एकत्र पाहून गुणांचा अंदाज जुळवावा, किंवा गुणांऐवजी प्रत्येकाने क्रम लावून त्यांची बेरीज करावी; ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. चौकोनावर नावाऐवजी क्रमांक असावा. चित्र मुलाने ज्या बाजूने काढले त्याच बाजूने पाहावे. बाजूने चालत जाऊन शेरा मारणाऱ्या परीक्षकाला अर्धी चित्रे आडवी किंवा उलटी दिसतात.

कलाशिक्षक परीक्षक असतील, तर एलिमेंटरी-इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांची सवय त्यांना सफाईकडे ओढते. खडूच्या कामात थोडी फिसकटलेली कड क्षम्य मानावी आणि कल्पना, जागेचा वापर व रंगांची मिसळ यांना अधिक वजन द्यावे. सहा वर्षांच्या मुलाच्या चौकोनात प्रमाणबद्ध घोडा दिसला, तर शंका मनात ठेवून गुण कापू नयेत. तो कसा काढला, हे मुलालाच विचारावे. त्याहून सोपे म्हणजे पालकांना दोरीच्या बाहेर उभे करणे. वेळ संपताच, प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, प्रत्येक चौकोनाचे क्रमांकासह छायाचित्र घ्यावे, कारण तक्रार येईपर्यंत चित्रावरून निम्मी वस्ती चालून गेलेली असते.